कापसाच्या मुलखातला पडदा

मोतीबिंदू काढला, भिंग बसवलं, दुखणं-खुपणं काही नाही, सगळं नीट पार पडलं. आणि तरीही मधोमध दिसत नाही. विदर्भातल्या कुठल्याही मोठ्या दवाखान्याच्या नेत्रविभागात थोडा वेळ बसलं की ही तक्रार कानावर येते. बाजूचं सगळं दिसतं. धुऱ्याधुऱ्यानं चालत वावरात जाता येतं, बैल कुठे बांधलेत ते कळतं, अंगणात कोणी आलं तर चाहूल लागते. पण आलेला माणूस कोण, हे तो बोलल्याशिवाय ओळखू येत नाही. तांदळातला खडा सापडत नाही, सातबाऱ्यावरचं नाव लागत नाही, एसटीची पाटी वाचता येत नाही. जिथे नजर लावावी नेमका तिथेच डाग.

डॉक्टर बाहुली मोठी करून आत पाहतात आणि सांगतात, पडदा खराब झालाय. घरी तेवढंच वाक्य पोचतं. हा पडदा म्हणजे दृष्टिपटल. त्याच्या मध्यावरचा जेमतेम साडेपाच मिलिमीटरांचा भाग म्हणजे पीतबिंदू, म्हणजेच मॅक्युला. वाचणं, चेहरा ओळखणं, सुईत दोरा ओवणं ही सगळी बारीक नजरेची कामं एवढ्याशा जागेवर चालतात. वय वाढतं तशी काहींच्या डोळ्यांत या जागेखाली चरबी आणि प्रथिनांचे पिवळसर ठिपके साचू लागतात. त्यांना ड्रूझन म्हणतात. पडद्याला खालून पोसणारा रंगपेशींचा एकपदरी थर हळूहळू झिजतो. ही कोरडी झीज. काहींच्या डोळ्यांत खालून नव्या, कच्च्या रक्तवाहिन्या फुटतात, त्यांतून पाणी आणि रक्त झिरपतं आणि काही आठवड्यांत नजर जाते. ती ओली झीज. मोतीबिंदू असेपर्यंत हे सारं झाकलेलं राहतं. भिंगाचा धूसरपणा निघाला की मागचा बिघाड उघडा पडतो, आणि घरच्यांना वाटतं, ऑपरेशन बिघडलं.

देशात २०१५ ते २०१९ या काळात अंधत्वाचं राष्ट्रीय सर्वेक्षण झालं. पन्नाशीपुढच्या माणसांच्या अंधत्वात ६६.२ टक्के वाटा एकट्या मोतीबिंदूचा निघाला. त्यामुळे शिबिरं मोतीबिंदूची, उद्दिष्टं मोतीबिंदूची, आणि ते योग्यच आहे; त्यांतल्या बहुतेकांची नजर एका छोट्या शस्त्रक्रियेनं परत येते. पण पडद्याची वेळ म्हणूनच नेहमी शेवटी येते. या लेखात मला बोलायचं आहे ते एका प्रथिनाबद्दल, ते शोधायला प्रयोगशाळेत वापरतात त्या अँटीबॉडीबद्दल, आणि २०११च्या जनगणनेत २७ लाख ७२ हजार वस्ती असलेल्या यवतमाळ जिल्ह्याबद्दल, जिथल्या डोळ्यांना या संशोधनात जागा मिळावी असं मला फार वाटतं.

*

ही झीज म्हणजे निव्वळ म्हातारपण, अशी समजूत बराच काळ होती. २००५ साली ती मोडली. 'सायन्स' या नियतकालिकात एकाच वेळी तीन संशोधनगटांनी दाखवून दिलं की, शरीराच्या संरक्षणव्यवस्थेतल्या 'कॉम्प्लिमेंट फॅक्टर एच' नावाच्या प्रथिनाच्या जनुकात एक विशिष्ट बदल असेल तर ही झीज होण्याची शक्यता बरीच वाढते. पुढच्याच वर्षी, २००६ साली, त्याच नियतकालिकात आणखी दोन शोधनिबंध आले. एक हाँगकाँगच्या चिनी रुग्णांवरचा, दुसरा अमेरिकेतल्या युटा राज्यातल्या रुग्णांवरचा. दोन्ही गट दहाव्या गुणसूत्रावरच्या एकाच जागी पोचले होते, आणि दोघांनीही बोट ठेवलं ते एचटीआरए-वन या जनुकावर.

या जनुकापासून बनणारं प्रथिन एक प्रोटिएज आहे. म्हणजे दुसऱ्या प्रथिनांची साखळी कापणारं विकर. त्याचा शोध डोळ्यात लागलेला नाही. त्याचा नातलग आधी आतड्यातल्या ई-कोलाय जिवाणूत सापडला, १९८०च्या दशकात. ज्या जिवाणूत हे जनुक नाही तो साध्या तापमानाला वाढतो, पण ४२ अंशांच्या आसपास मरतो. उष्णतेनं बिघडलेली, वेडीवाकडी झालेली प्रथिनं कापून फेकण्याचं काम हे विकर करतं. मे महिन्यात त्याच्याही वर पारा जाणाऱ्या जिल्ह्यातल्या वाचकाला हे प्रथिन काय कामाचं, ते वेगळं समजवायला नको. माणसात या घराण्याची चार प्रथिनं आहेत. त्यातलं पहिलं ४८० अमिनो आम्लांचं, वजनानं साधारण ५० किलोडाल्टनचं. ते पेशीच्या बाहेर पडतं, तीन-तीनच्या गटानं एकत्र येतं आणि पेशींना धरून ठेवणाऱ्या जाळ्यातली प्रथिनं कापतं. पडद्याच्या रंगपेशी ज्या पातळ पटलावर बसलेल्या असतात, ते पटलही अशाच जाळ्याचं विणलेलं आहे.

कापण्याची जागा तीन अमिनो आम्लांची: २२०व्या क्रमांकाचं हिस्टिडिन, २५०वं अ‍ॅस्पार्टेट आणि ३२८वं सेरीन. प्रत्यक्ष घाव घालतं ते सेरीन. या सेरीनकडे मी नंतर येणार आहे, कारण यवतमाळची आणि त्याची ओळख जुनी आणि फार वाईट आहे.

या प्रथिनाचं महत्त्व डोळ्यापुरतं नाही. त्याच्या जनुकात आई आणि वडील अशा दोन्ही बाजूंनी दोष आला तर तरुण वयात मेंदूच्या बारीक रक्तवाहिन्या बिघडतात, केस गळतात, कंबर धरते. हे जपानी डॉक्टरांनी २००९ साली दाखवलं. म्हणजे हे प्रथिन फार झालं तरी धोका असू शकतो आणि कमी पडलं तरी. ही गोष्ट लक्षात ठेवावी. पुढे सगळा घोळ इथेच झाला आहे.

*

पेशीत किंवा ऊतीत हजारो प्रथिनं असतात. त्यातलं नेमकं एक कुठे आहे आणि किती आहे, हे पाहायचं तर त्यालाच धरणारं काहीतरी हवं. तेच काम अँटीबॉडी करते. यवतमाळ जिल्ह्यातल्या माणसाला ती अनोळखी नाही. सर्पदंशावरचं जे इंजेक्शन प्राथमिक आरोग्य केंद्रात ठेवलेलं असतं, ते म्हणजे घोड्याच्या रक्तातल्या अँटीबॉडीच. घोड्याला विषाच्या अगदी थोड्या थोड्या मात्रा देतात, त्याचं शरीर त्या विषाला धरणारी प्रथिनं तयार करतं, ती रक्तातून वेगळी काढून कुपीत भरतात. मुंबईच्या हाफकिनमध्ये हे काम अनेक दशकं होत आलं. घोणस आणि फुरशाच्या विषात रक्त गोठण्याची घडी विस्कटणारे प्रोटिएज असतात. म्हणजे प्रोटिएजला पकडणारी अँटीबॉडी झरी-जामणीच्या आणि मारेगावच्या दवाखान्यांत कधीच पोचलेली आहे. आशाताई तापाच्या रोग्याच्या बोटाला टोचून पट्टीवर जो मलेरिया तपासतात, त्या पट्टीवरही अँटीबॉडीच असते.

प्रयोगशाळेतली अँटीबॉडीही याच मार्गानं तयार होते; प्राणी मात्र लहान, ससा किंवा उंदीर. त्याला एचटीआरए-वनचा एक तुकडा टोचतात. सशाच्या रक्तातून मिळतं ते अनेक अँटीबॉडींचं मिश्रण असतं. त्यातली एक या प्रथिनाला एका टोकाला धरते, दुसरी दुसऱ्या टोकाला, आणि प्रत्येक सशाची प्रत निराळी निघते. तो ससा मेला की ती प्रतही संपली. हा प्रश्न १९७५ साली केंब्रिजमध्ये जॉर्ज कोहलर आणि सेझार मिलस्टीन यांनी सोडवला. अँटीबॉडी बनवणारी उंदराची एक पेशी आणि कधीही न थांबता वाढणारी कर्करोगाची एक पेशी त्यांनी एकजीव केली. त्या जोडपेशीच्या सगळ्या पिढ्या एकच अँटीबॉडी, अगदी तीच, तयार करत राहतात. १९८४ साली त्यांना नोबेल मिळालं. या पद्धतीचं पेटंट घेतलं गेलं नाही, म्हणून ती जगभर पसरली. आता त्याच्याही पुढे जाऊन अँटीबॉडीचा जनुकीय मजकूरच लिहून ठेवतात आणि हवी तेव्हा ती पेशींकडून करून घेतात. मग प्राणी लागत नाही.

वापर कसा होतो तेही सांगितलं पाहिजे, कारण खरंखोटं तिथेच ठरतं. डोळ्याच्या ऊतीचा अर्क काढायचा, साबणासारख्या रसायनात उकळून प्रथिनांच्या घड्या उलगडायच्या, पातळ जेलमधून वीज सोडून ती वजनाप्रमाणे वेगळी करायची आणि एका पांढऱ्या पटलावर उतरवून घ्यायची. पटलावरच्या रिकाम्या जागा दुधाच्या भुकटीच्या पाण्यानं बुजवतात, नाहीतर अँटीबॉडी भलतीकडेच चिकटते. मग एचटीआरए-वनची अँटीबॉडी, मग धुणं, मग त्या अँटीबॉडीला धरणारी दुसरी अँटीबॉडी, जिला प्रकाश देणारं विकर जोडलेलं असतं. शेवटी ५० किलोडाल्टनच्या आसपास एक पट्टा उमटतो. पट्टा जाड तर प्रथिन जास्त, बारीक तर कमी. दुसरी पद्धत म्हणजे डोळ्याचा पातळ काप काचपट्टीवर घेऊन त्याच्यावर अँटीबॉडी सोडायची आणि रंग कुठे चढतो ते सूक्ष्मदर्शकात पाहायचं. २००६ सालच्या युटाच्या कामात अशाच पद्धतीनं ड्रूझनच्या ठिपक्यांत हे प्रथिन दिसलं होतं.

एकाधिकार कापूस खरेदी योजनेचे दिवस ज्यांनी पाहिलेत, त्यांना ग्रेडर आठवत असेल. गाडीतला कापूस तोच, पण ग्रेडरनं हात घालून जो दर्जा सांगितला त्यावर शेतकऱ्याचं वर्ष ठरायचं. अँटीबॉडी हा प्रयोगशाळेतला ग्रेडर आहे. तिच्या हाताला दुसरा काही प्रश्न विचारता येत नाही, ती सांगेल तोच आकडा वहीत चढतो. म्हणून ग्रेडरची परीक्षा आधी घ्यावी लागते.

परीक्षा कशी घेतात? सगळ्यात चोख कसोटी अशी की, ज्या पेशींतून एचटीआरए-वनचं जनुकच कापून काढलं आहे, त्यांचा अर्क तिच्यापुढे ठेवायचा. तिथेही पट्टा दिसला तर ती अँटीबॉडी भलत्याच प्रथिनाला धरते आहे. या घराण्यातली तिसरी आणि चौथी भावंडं रचनेनं पहिल्याच्या बरीच जवळची. त्यांना ती चुकून धरते का, हेही बघायला हवं. शिवाय हे प्रथिन स्वतःलाच कापतं. त्याचा पुढचा भाग गळून पडतो आणि छोटा तुकडा कामावर राहतो. अँटीबॉडी जर गळून पडणाऱ्या भागाला धरणारी असेल, तर कामावरचं प्रथिन तिला दिसणारच नाही, आणि संशोधक लिहील की प्रथिन कमी आहे.

डोळ्याची अडचण आणखी वेगळी. पडद्याखालच्या रंगपेशी मुळातच काळ्या-तपकिरी असतात आणि अँटीबॉडीचा नेहमीचा रंगही तपकिरीच. चमकणारा रंग वापरावा, तर म्हाताऱ्या डोळ्यात लायपोफसिन नावाचा कचरा साचलेला असतो, जो स्वतःच चमकतो. ज्या वयाचा डोळा तपासायचा आहे त्याच वयात हे दोन्ही अडथळे जास्त. मला या साऱ्या हकिगतीत हा भाग फार महत्त्वाचा वाटतो. आजाराची खूण आणि म्हातारपणाची खूण एकाच जागी, एकाच रंगात उमटते, आणि ती वेगळी करण्याचं काम एका न तपासलेल्या कुपीवर सोपवून चालत नाही.

कुपी चुकली तर काय होतं, याचं एक उदाहरण टोरांटोमधलं आहे. इओअनिस प्रासास आणि एलिफ्थेरिओस डायमँडिस स्वादुपिंडाच्या कर्करोगाची खूण म्हणून एका प्रथिनावर काम करत होते. बाजारातून आणलेला तपासणी-संच छान उत्तरं देत होता. दोन वर्षं आणि पाच लाख डॉलर खर्च झाल्यावर उलगडलं की, संचातली अँटीबॉडी त्या प्रथिनाला धरतच नव्हती. ती दुसऱ्याच एका, आधीच माहीत असलेल्या कर्करोग-प्रथिनाला धरत होती. त्या दोघांनी हे लपवलं नाही, छापून टाकलं, याबद्दल त्यांचे आभार मानायला हवेत. २०१५ साली अँड्र्यू ब्रॅडबरी आणि अँड्रियास प्लुकथून यांनी शंभराहून अधिक शास्त्रज्ञांच्या सह्यांनिशी 'नेचर'मध्ये मागणी केली की, संशोधनातल्या अँटीबॉडी त्यांच्या जनुकीय मजकुरावरून ओळखल्या जाव्यात आणि तशाच बनवल्या जाव्यात. अशा अँटीबॉडींवर खर्च होणारा निम्म्याच्या आसपास पैसा वाया जातो, असा त्यांचा अंदाज होता.

*

आता एचटीआरए-वनच्या घोळाकडे. दहाव्या गुणसूत्रावरच्या त्या जागी दोन जनुकं खेटून आहेत: एआरएमएस-टू आणि एचटीआरए-वन. धोक्याचे बदल दोन्हींत एकत्रच, जोडीनं, पिढ्यान्‌पिढ्या उतरतात. त्यामुळे गुन्हेगार कोण, हे वंशावळीवरून किंवा रक्ताच्या नमुन्यांवरून ठरवता येत नाही. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेच्या संशोधकांनी २००८ साली भारतीय रुग्णांत हीच जागा तपासली आणि धोका आपल्याकडेही तिथेच आहे, हे दाखवलं. पण पुढचा प्रश्न राहिलाच. धोक्याचा बदल असलेल्या माणसाच्या डोळ्यात हे प्रथिन वाढतं की घटतं?

२००६ सालचं उत्तर होतं, वाढतं. त्यावर बरंच काम उभं राहिलं. प्रथिन जास्त होऊन पटलाचं जाळं कुरतडत असेल, तर त्याला अडवलं की झीज थांबेल, हा तर्क सरळ होता. जेनेनटेक कंपनीनं एचटीआरए-वनला अडवणारी अँटीबॉडी औषध म्हणून तयार केली. ती थेट डोळ्यात टोचायची. औषध डोळ्यात खरंच काम करतंय का, हे पाहण्यासाठी त्यांनी युक्तीही चांगली शोधली. एचटीआरए-वन ज्या एका प्रथिनाला कापतं, त्या डीकेके-थ्रीचे तुकडे डोळ्याच्या आतल्या पाण्यात कमी झाले का, ते मोजायचं. २०२० साली त्यांनी हे प्रसिद्ध केलं. प्रथिन अडलं होतं, यात शंका नव्हती. पण दुसऱ्या टप्प्याच्या चाचणीत झीज थांबली नाही, आणि औषधाचं काम थांबलं.

२०२१ साली युटातूनच, ग्रेगरी हेगमन यांच्या प्रयोगशाळेतून, वेगळंच उत्तर आलं. दान केलेल्या डोळ्यांतून त्यांनी रंगपेशींचा थर दृष्टिपटलापासून अलग काढला आणि दोन्ही थर स्वतंत्रपणे मोजले. धोक्याचा बदल असलेल्या माणसांच्या रंगपेशींत वयानुसार एचटीआरए-वन कमी पडत होतं. मग अडवण्याऐवजी ते भरून द्यायला हवं का? संशोधकांचं यावर अजून एकमत नाही. पण दोन उत्तरं एकमेकांच्या विरुद्ध कशी आली, यामागचं एक कारण मला उघड दिसतं. कोणाच्या डोळ्याचा तुकडा, मृत्यूनंतर किती तासांनी घेतलेला, कुठला थर आणि कुठली अँटीबॉडी, यांतलं काहीही बदललं की उत्तर बदलतं. एका दशकाहून जास्त काळ एका प्रथिनाची दिशा ठरत नाही, तेव्हा चूक बुद्धीत कमी आणि मोजण्यात जास्त असते, असं माझं मत झालं आहे.

*

सेरीनची गोष्ट राहिली होती.

२०१७ सालच्या पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या आठवड्यांत यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेकडो शेतकरी आणि शेतमजुरांना विषबाधा झाली. वीसहून अधिक माणसं गेली. यवतमाळच्या श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात रोज नवे रोगी येत होते. त्या वर्षी पऱ्हाटी माणसाच्या डोक्यावर गेली होती, हवा दमट होती, फवारा वर मारावा लागायचा आणि तोच चेहऱ्यावर उतरायचा. अनेकांची पहिली तक्रार डोळ्यांची होती: दिसेनासं झालं, अंधारी आली.

त्या फवाऱ्यांत प्रोफेनोफॉससारखी ऑर्गॅनोफॉस्फेट गटातली औषधं होती. ती शरीरात शिरून अ‍ॅसिटिलकोलिनएस्टरेज या विकराच्या गाभ्यातल्या सेरीनला चिकटतात आणि ते विकर बंद पाडतात. मग मज्जातंतूंचा इशारा थांबतच नाही; घाम, लाळ, श्वासाची कोंडी, आणि डोळ्याची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी. दवाखान्यात अ‍ॅट्रोपिन देतात ते त्यासाठीच. आता हे विकर प्रोटिएज नाही, पण त्याच्या गाभ्याची घडण एचटीआरए-वनसारखीच आहे: एक सेरीन, एक हिस्टिडिन आणि त्यांना जोर देणारं एक आम्ल. प्रथिनं कापणाऱ्या विकरांच्या गाभ्यात सेरीन असतं, हे शास्त्रज्ञांना समजलं तेही अशाच एका फॉस्फरसयुक्त विषामुळे, १९४०च्या दशकाच्या अखेरीला. ते विष विकराला लावलं की विकर निकामी व्हायचं, आणि फॉस्फरस नेमका एकाच सेरीनला चिकटलेला सापडायचा.

फवारणीच्या औषधानं डोळ्यातलं एचटीआरए-वन बंद पडतं, असं मी म्हणत नाही. तसा पुरावा नाही. पण प्रश्न विचारायला पुरेसं कारण आहे. अमेरिकेतल्या आयोवा आणि नॉर्थ कॅरोलायना या राज्यांत १९९३पासून शेतकरी आणि त्यांच्या कुटुंबांच्या आरोग्याचा मोठा पाठपुरावा चालू आहे. त्याच अभ्यासातून २०१७ साली, म्हणजे यवतमाळची माणसं दवाखान्यात होती त्याच वर्षी, एक निष्कर्ष आला. ऑर्गॅनोक्लोरीन आणि ऑर्गॅनोफॉस्फेट गटातली काही कीटकनाशकं ज्यांनी वापरली होती, त्यांच्यात पीतबिंदूच्या झिजेचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त आढळलं. नावं वाचली तर आपल्या शेतकऱ्याला एकेक ओळखीचं वाटेल: डीडीटी, मॅलॅथिऑन, फोरेट. असा संबंध दिसला म्हणजे कारण सापडलं असं होत नाही, हे त्या संशोधकांनाही माहीत आहे. पण आयोवाचा मक्याचा शेतकरी ट्रॅक्टरवर बसून फवारतो. यवतमाळचा मजूर पाठीवर पंप घेऊन, तोंडाला रुमाल बांधून, वाफ्यावाफ्यातून चालतो, आणि विशीपासून साठीपर्यंत दर हंगामात चालतो. हा प्रश्न जगात कुठे विचारायचा असेल तर तो दारव्हा, घाटंजी, राळेगाव, केळापूरमध्ये विचारायला हवा.

धूम्रपानाचं मात्र सिद्ध आहे. पीतबिंदूच्या झिजेचा धोका वाढवणारी, आणि माणसाच्या स्वतःच्या हातात असलेली, सगळ्यात ठळक गोष्ट तीच. ज्या जिल्ह्याच्या जंगलातून विडीसाठी तेंदूपत्ता निघतो, तिथे हे मोठ्यानं सांगायला हवं.

*

विदर्भातल्या खेड्यात असा अभ्यास होऊ शकतो का? होऊ शकतो, कारण झालेला आहे. नागपूरच्या सूरज नेत्रसंस्थेचे डॉ. विनय नांगिया आणि जर्मनीतल्या हायडेलबर्ग विद्यापीठाचे योस्ट योनास यांनी २००६ ते २००९ या काळात नागपूरजवळच्या खेड्यांत घरोघरी जाऊन तिशीपुढच्या माणसांना तपासणीसाठी बोलावलं. ५,८८५ पात्र माणसांपैकी ४,७११ आली, म्हणजे ८० टक्के. शहरातल्या सुशिक्षित वस्तीतही इतकी माणसं सहसा येत नाहीत. प्रत्येकाच्या पडद्याचा फोटो, डोळ्याचा दाब, रक्तदाब, सगळं नोंदलं गेलं. या अभ्यासावर आधारित शोधनिबंध जगभर वाचले जातात. पडद्याच्या वयपरत्वे होणाऱ्या झिजेवरचा त्यांचा स्वतंत्र निबंध २०११ साली 'रेटिना' या नियतकालिकात आला. विदर्भातल्या शेतकऱ्याचा डोळा जगाच्या नकाशावर आणण्याचं हे काम विदर्भातच नागपूरबाहेर फारसं कोणाला माहीत नाही, याचं मला वाईट वाटतं. त्याच धर्तीवर यवतमाळच्या तालुक्यांत, फवारणीची हयातभराची नोंद जोडून, काम करता येईल. घरोघर जाणाऱ्या आशाताई आहेत, जिल्ह्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, शेजारच्या वर्धा जिल्ह्यात सेवाग्रामचं वैद्यकीय महाविद्यालय आहे.

पण पडद्याच्या फोटोत ड्रूझन दिसतात, प्रथिन दिसत नाही. प्रथिन पाहायचं तर डोळ्याची ऊती लागते, आणि जिवंत माणसाच्या पडद्याचा तुकडा काढता येत नाही. युटाच्या संशोधनाचा सगळा भार दान केलेल्या डोळ्यांवर आहे. आपल्याकडे नेत्रदान म्हणजे बुबुळाचं दान, हेच रुजलं आहे, आणि २५ ऑगस्ट ते ८ सप्टेंबरच्या नेत्रदान पंधरवड्यात सांगितलंही तेवढंच जातं. बुबुळ दुसऱ्याला दृष्टी देतं, तिथे कसलीच तडजोड नको. मात्र पूर्ण डोळा काढला असेल तर बुबुळ घेतल्यावर मागचा भाग, म्हणजे पडदा आणि रंगपेशींचा थर, उरतो, आणि संमती असेल तर तो संशोधनाला देता येतो. आता कित्येक ठिकाणी फक्त बुबुळच काढून घेतात. चेहरा विद्रूप होत नाही म्हणून नातेवाइकांना ते बरं वाटतं. पण मग मागचा भाग चितेवरच जातो किंवा मातीत.

वेळेचा प्रश्नही आहे. नेत्रदान मृत्यूनंतर सहा तासांच्या आत व्हावं लागतं, आणि रंगपेशींतला जनुकीय संदेश त्याहीपेक्षा लवकर विरतो. उमरखेडच्या एखाद्या तांड्यावरून नागपूरला डोळा पोचवायचा तर बहुतेक वेळ रस्त्यातच जाईल. म्हणून ऊती जिल्ह्यातच काढून, मृत्यूची वेळ, वय, धूम्रपान आणि फवारणीचा इतिहास लिहून, तिथेच गोठवावी लागेल. उणे ८० अंशांचं शीतपेटीसारखं यंत्र आणि खंड न पडणारी वीज, एवढं जिल्ह्याच्या ठिकाणी अशक्य नाही. पुढचं काम जिथे होऊ शकतं ती ठिकाणंही लांब नाहीत. पुण्याची राष्ट्रीय पेशीविज्ञान संस्था पेशींवरच्या संशोधनासाठीच उभी आहे. हैदराबादला पडद्याच्या जनुकांवर काम करणारी माणसं आहेत, आणि पांढरकवडा तर नागपूर-हैदराबाद महामार्गावरच आहे. अँटीबॉडीही मग विकत आणून कपाटात ठेवायची नाही. जनुक काढलेल्या पेशींवर, भावंड-प्रथिनांवर आणि सत्तरीतल्या डोळ्याच्या कापांवर, रंगाचा आणि चमकीचा हिशेब करून, ती आधी तपासायची. ती परीक्षेत उतरली नाही तर दुसरी. ही परीक्षा स्वतःच एक शोधनिबंध आहे. तिच्यावर दोन विद्यार्थ्यांची पीएच.डी. सहज होईल.

संशोधनाला वेळ लागेल. आजचा रुग्ण तोवर थांबू शकत नाही. ओली झीज असेल तर डोळ्यात इंजेक्शनं आहेत, आणि तीही बहुतेक अँटीबॉडी किंवा अँटीबॉडीचे तुकडेच. नव्या रक्तवाहिन्या फुटवणाऱ्या प्रथिनाला ती अडवतात. रॅनिबिझुमॅब या अशाच एका औषधाची भारतात तयार झालेली आवृत्ती २०१५पासून मिळते आणि परदेशी औषधापेक्षा ती स्वस्त आहे. पण इंजेक्शन पुन्हा पुन्हा घ्यावं लागतं. नागपूरच्या दीडशे किलोमीटरच्या फेऱ्या, सोबतच्या माणसाची बुडालेली मजुरी, यामुळे दोन-तीन इंजेक्शनांनंतर लोक येणं सोडतात. कोरड्या झिजेच्या मधल्या टप्प्यात जस्त, ल्युटीन आणि जीवनसत्त्वांच्या ठरावीक गोळ्यांनी पुढची पायरी लांबते, हे मोठ्या चाचण्यांत दिसलं आहे. सुरुवातीच्या टप्प्यात त्यांचा उपयोग नाही. घरी एक काम प्रत्येकाला करता येतं. चौकटीच्या वहीचं पान घ्यायचं, मधोमध ठिपका काढायचा, वाचायचा चष्मा लावून एक डोळा झाकायचा आणि ठिपक्याकडे पाहायचं. मग दुसऱ्या डोळ्यानं तसंच. आडव्या-उभ्या रेघा कुठे वाकड्या, तुटक किंवा गायब दिसल्या तर त्याच आठवड्यात पडद्याच्या डॉक्टरांकडे जायचं. मार्क आम्सलर या स्विस नेत्रतज्ज्ञानं १९४०च्या दशकात रूढ केलेली ही तपासणी पन्नाशीपुढच्या प्रत्येक शेतकऱ्याला आशाताईंकडून शिकवता येईल.

आणि नेत्रदानाचा अर्ज भरताना घरात एवढं बोलून ठेवावं: बुबुळ घेतल्यावर उरलेला डोळा संशोधनासाठी वापरायला आमची हरकत नाही. अर्जात तसा रकाना नसेल तर हे वाक्य खाली हातानं लिहून त्यावर सही करावी, आणि ज्या दोन माणसांना त्या दिवशी फोन करायचा आहे, त्यांना ते दाखवून ठेवावं.